तोच सिनेमा, कुणाचे पाच तारे, कुणाचा एक: हलक्याफुलक्या रोमकॉमवरची मतं कशी वाचायची

नवा हलकाफुलका सिनेमा आला की पहिल्याच रात्री मोबाइलवर गोंधळ सुरू होतो. एका ठिकाणी त्याला ९२ टक्के असतात, दुसरीकडे दहापैकी ६.३ आणि तिसरीकडे शंभरपैकी ५४. खाली प्रेक्षकांची मतं वाचायला घ्यावीत, तर एक जण म्हणतो, ‘कित्येक महिन्यांनी इतकं मनापासून हसलो.’ त्याच्याच खालचं मत असतं, ‘अर्ध्यातून उठून आले, अंगावर काटा आला लाजेने.’ दोघांनी बघितलाय तोच सिनेमा. मग आपल्याला वाटतं की यातलं कुणीतरी खोटं बोलतंय, नाहीतर पैसे घेऊन लिहितंय.

क्वचित तसंही असतं. पण बहुतेक वेळा तिन्ही आकडे खरे असतात आणि दोन्ही माणसं प्रामाणिक असतात. आणि ज्या प्रेमकथेत नायक किंवा नायिका भलत्याच जगात येऊन पडते, तिच्याबाबतीत तर मतं इतकी फाटणं अगदी स्वाभाविक आहे. असा सिनेमा बघताना आपण कुणाच्या बाजूला बसलोय, यावर बरंच काही ठरतं. म्हणून आकड्यापेक्षा त्यामागचं कारण वाचायला हवं, असं माझं ठाम मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी आकड्यांकडे जाऊ, मग गोष्टीकडे.

आधी आकड्यांची भाषा

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, असं आपण ऐकतो तेव्हा सगळ्या मुलांना शंभरपैकी शंभर मिळाले असं कुणी समजत नाही. सगळी मुलं पास झाली, एवढाच त्याचा अर्थ. कुणी ३५ वर सुटलं असेल, कुणी ९५ वर.

‘रॉटन टोमॅटोज’ या १९९८ साली सुरू झालेल्या संकेतस्थळावरचा टक्का नेमका असाच निकाल आहे. समीक्षकांपैकी किती जणांनी सिनेमाच्या बाजूने कौल दिला, त्याचा तो टक्का. तो ६० किंवा त्याहून जास्त असेल तर सिनेमा ‘फ्रेश’, त्याखाली ‘रॉटन’. प्रेक्षकांचा टक्का तिथे वेगळा मोजतात. पाचपैकी साडेतीन किंवा त्याहून जास्त तारे देणारे किती, हे त्यातून कळतं.

आता दोन सिनेमे कल्पनेत धरा. पहिल्याला दहाच्या दहा प्रेक्षकांनी साडेतीन तारे दिले. टक्का झाला १००, सरासरी ३.५. दुसऱ्याला सहा जणांनी पाच तारे दिले आणि चौघांनी दोन. टक्का झाला ६०, सरासरी ३.८. म्हणजे सरासरीने दुसरा सिनेमा वरचढ आणि टक्क्याने पहिला कितीतरी पुढे. पहिला कुणालाच नकोसा झाला नाही, पण कुणी वेडावूनही गेलं नाही. दुसऱ्याने सहा जणांना वेड लावलं आणि चौघांना वैतागवलं.

हलक्याफुलक्या रोमकॉमचं, म्हणजे रोमँटिक कॉमेडीचं, गणित पुष्कळदा पहिल्यासारखं असतं. अनेकांना थोडा थोडा आवडलेला सिनेमा टक्क्यात भरघोस दिसतो आणि सरासरीत मध्यम. यात कुणी कुणाला फसवलेलं नसतं. दोन वेगळे प्रश्न विचारलेत, म्हणून दोन वेगळी उत्तरं आलीत.

बाकीच्यांचं थोडक्यात सांगते. ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी काढतं, पण त्यात काही समीक्षकांच्या मताला जास्त वजन असतं. ‘आयएमडीबी’ या संकेतस्थळावर प्रेक्षक एक ते दहा गुण देतात, पण दिसणारा आकडा साधी सरासरी नसतो. मतांना वजन कसं दिलं जातं, ते नेमकं सूत्र ते जाहीर करत नाहीत. ‘सिनेमास्कोर’ ही अमेरिकन संस्था १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून थिएटरमध्येच कार्ड भरून घेते आणि ए प्लसपासून एफपर्यंत श्रेणी देते. पहिल्याच रात्री धावत जाणारा प्रेक्षक मुळात त्या सिनेमाचा भुकेला असतो, त्यामुळे तिथली श्रेणी सहसा चढी असते.

आणखी एक गोष्ट. मत लिहायला बसतं कोण? ज्याला फार आवडला तो, नाहीतर ज्याला संताप आला तो. ‘ठीक होता’ असं वाटलेला माणूस घरी जाऊन झोपतो. ऑनलाइन मतांच्या अभ्यासकांनी २००९ साली अशा आलेखाला इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार म्हटलं: एक तारावाले काही, मधले फार थोडे, पाच तारेवाले भरपूर. त्यात लोक एकमेकांच्या मतानेही वाहवत जातात. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर प्रतिक्रियांना मुद्दाम एकेक अनुकूल मत आधीच चिकटवलं, तर शेवटी त्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी वाढलेले निघाले. तो प्रयोग सिनेमांवरचा नव्हता, पण माणसं तीच.

पाण्याबाहेरचा मासा

इंग्रजीत या प्रकाराला ‘फिश आउट ऑफ वॉटर’ म्हणतात. आपण त्याला परक्या जगातला पाहुणा म्हणू. राजवाड्यातली मुलगी रस्त्यावर येते, जंगलातला माणूस महानगरात येतो, भूतकाळातला सरदार आजच्या काळात उगवतो, जलपरी जमिनीवर येते. त्याला किंवा तिला इथले कायदे ठाऊक नसतात, त्यामुळे घोटाळे होतात. इथलंच कुणीतरी आधी वैतागतं, मग हसतं, मग प्रेमात पडतं.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी मी एक काल्पनिक सिनेमा रचते. समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह आहे. तिथला राखणदार वीस वर्षं एकटा राहिलाय. दीपगृह स्वयंचलित होतं, जशी जगभरातली बरीचशी झाली, आणि त्याची नोकरी जाते. त्याला एका मोठ्या हॉटेलात रात्रपाळीला स्वागतकक्षात काम मिळतं. तिथे लग्नसमारंभांची व्यवस्था बघणारी एक बाई आहे, जिला मिनिटामिनिटाचा हिशोब लागतो. पुढचं तुम्हाला कळलंच.

या माणसाला वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय आहे, त्यामुळे तो शांत लॉबीतही खणखणीत आवाजात बोलतो. रात्री ठरल्या वेळेला उठून दिवे तपासतो. आणि पहिल्यांदा लिफ्टमध्ये शिरतो तेव्हा दाराकडे पाठ करून, सगळ्यांकडे तोंड करून उभा राहतो आणि प्रत्येकाला नमस्कार करतो. लोक मोबाइलमध्ये डोकं खुपसतात. एक बाई पर्स छातीशी धरते. एक लहान मुलगा मात्र त्याला नमस्कार करतो. लिफ्ट थांबते, दार त्याच्या पाठीमागे उघडतं, आणि त्याला ते कळतच नाही.

हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचा. पण मतं कुठे फाटतात, ते या अर्ध्या मिनिटात दिसतं.

हसू नेमकं कुणावर येतं?

लिफ्टमध्ये दाराकडे तोंड करून उभं राहायचं, हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नाही. तो कुठे लिहिलेला नाही. तो मोडेपर्यंत असा काही नियम आहे, हेच आपल्या लक्षात येत नाही. पाहुण्याचं काम हेच असतं: आपण ज्या पाण्यात पोहतो ते पाणी तो आपल्याला दाखवतो.

हसू का येतं, याची जुनी आणि नवी बरीच उत्तरं आहेत. १७व्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्ज म्हणे की समोरच्यापेक्षा आपण सरस आहोत असं अचानक जाणवलं की माणूस हसतो. पुढे कांट आणि शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञांनी दुसरी बाजू मांडली: अपेक्षा एक आणि घडलं भलतंच, या विसंगतीचं हसू. अलीकडे, २०१० साली, पीटर मॅकग्रॉ आणि कॅलेब वॉरन या संशोधकांनी म्हटलं की काहीतरी नियमबाह्य घडलं, पण त्यातून कुणाला इजा नाही असंही त्याच वेळी वाटलं, तर हसू येतं. इजा वाटली की हसू विरतं.

आता लिफ्टकडे परत या. एक प्रेक्षक हॉब्जच्या जागी बसलाय. त्याला दिसतं: किती अडाणी माणूस, लिफ्ट माहीत नाही! तो हसतो. दुसरा विसंगतीच्या जागी बसलाय. त्याला दिसतं की सहा माणसं एका डब्यात खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि एकमेकांकडे बघायला घाबरतायत. तोही हसतो, पण हसू लिफ्टमधल्या लोकांवर, म्हणजे स्वतःवर. तिसरीला काहीच हसू येत नाही. ती कधीतरी नव्या शहरात, नव्या घरात किंवा नव्या ऑफिसात हा माणूस होऊन गेलेली आहे. पर्स छातीशी धरणारी बाई तिला ओळखीची वाटते. तिच्या दृष्टीने इजा झालेली आहे. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’ असं आपण म्हणतो, ते इथे शब्दशः लागू पडतं.

माध्यमांचे अभ्यासक डॉल्फ झिलमन आणि जोॲन कॅन्टर यांनी १९७०च्या दशकात हीच गोष्ट थोड्या वेगळ्या बाजूने मांडली. आपल्याला न आवडणाऱ्या माणसाची फजिती झाली की विनोद जास्त गोड लागतो आणि आपल्या माणसाची झाली की कडू. तेव्हा दीपगृहवाला तुमचा ‘आपला माणूस’ कितव्या मिनिटाला होतो, यावर पुढचे सगळे तारे अवलंबून असतात. पहिल्या दहा मिनिटांत झाला, तर लिफ्टच्या प्रसंगात तुम्ही त्याच्या बाजूने हसाल. झालाच नाही, तर सिनेमा संपेपर्यंत तो एक बावळट माणूस राहील आणि त्या शिस्तीच्या बाईने त्याच्यावर प्रेम का करावं, हेच तुम्हाला कळणार नाही.

चांगला दिग्दर्शक हे जाणतो, म्हणून तो लिफ्टच्या आधी एक छोटा प्रसंग ठेवतो. दीपगृहाचा दिवा शेवटचा पुसताना हा माणूस काचेवरचा एक डाग परत परत पुसतो. आता त्या दिव्याची त्याच्यावर काही जबाबदारी उरलेली नाही, तरीही पुसतो. वीस सेकंदांचा प्रसंग. पण त्यातून हा माणूस त्याच्या कामात किती निष्णात आणि किती निष्ठावान आहे, हे आपल्याला कळलेलं असतं. पुढे तो लिफ्टमध्ये चुकतो तेव्हा आपण एका कसबी माणसाला अनोळखी जागी चुकताना बघतो. हॉब्जचं हसू तिथे रुजतच नाही.

म्हणूनच ‘पाहुण्याची टिंगल केलीय’ असं एखादं मत वाचलं तर ते हळवेपण म्हणून सोडून देऊ नका. लिहिणाऱ्याने नेमकी नस पकडलेली असू शकते. आणि ‘किती प्रेमळ सिनेमा आहे’ असं लिहिणाराही चूक नसतो. त्याला काचेवरचा डाग दिसलेला असतो.

‘सेकंड हाफ ढेपाळतो’

अशा सिनेमांबद्दलची ही बहुधा सगळ्यात नेमाने येणारी तक्रार. ती वाचून लोकांना वाटतं की लेखक आळशी होता. माझ्या मते अडचण खोलवरची आहे, आणि ती या प्रकाराच्या पोटातच आहे.

पहिल्या भागात विनोदाचं इंधन काय? पाहुण्याचं अज्ञान. आणि प्रेमकथेची गरज काय? त्याने शिकावं, रुळावं, समोरच्या माणसाला समजून घ्यावं. म्हणजे प्रेम जसजसं पुढे सरकतं तसतसं विनोदाचं इंधन संपत जातं. दीपगृहवाला लिफ्टमध्ये नीट उभा राहायला लागला की लिफ्टचा विनोद गेला. तो शिकलाच नाही असं दाखवलं, तर तो मठ्ठ वाटतो आणि प्रेमकथा खोटी पडते. दोन्ही बाजूंनी कोंडी.

यातून वाट काढायचे मोजकेच मार्ग आहेत. एक म्हणजे उलटापालट: आता ती बाई दीपगृहावर जाते आणि परकेपणाची पाळी तिची. दुसरा म्हणजे पाहुण्याचं जे हसं झालं होतं तेच उपयोगी पडणं. भर समारंभात हॉटेलातली वीज जाते, शेकडो माणसं अंधारात घाबरतात आणि अंधारात आयुष्य काढलेला हा एकटा माणूस शांत असतो. ज्या खणखणीत आवाजाला सगळे हसले होते त्या आवाजाने तो सगळ्यांना जिन्याने खाली उतरवतो. तिसरा मार्ग म्हणजे विनोद सोडून सरळ रडवणं, आणि बरेच सिनेमे तोच निवडतात. ‘सेकंड हाफ ढेपाळतो’ असं म्हणणारा प्रेक्षक बहुधा या तिसऱ्या मार्गाबद्दल बोलत असतो. तो हसायला आला होता आणि त्याच्या हातात रुमाल दिला गेला.

याला आणखी एक कारण आहे. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी १९६० साली परक्या मुलखात गेलेल्या माणसाच्या मनाचे चार टप्पे सांगितले. पहिला मधुचंद्राचा: सगळं नवलाईचं, सगळं गोड. दुसरा घुसमटीचा: साध्या साध्या गोष्टी जमत नाहीत, चिडचिड होते, घरची आठवण येते. तिसरा सावरण्याचा, चौथा रुळण्याचा. याच घुसमटीला ‘कल्चर शॉक’ म्हणतात.

हलकाफुलका सिनेमा पहिला टप्पा मनसोक्त रंगवतो आणि चौथ्यावर उडी मारतो. मधले दोन टप्पे एका गाण्यात किंवा झरझर सरकणाऱ्या चार दृश्यांत संपतात. परक्या ठिकाणी फक्त सहलीला गेलेल्या प्रेक्षकाला यात काही खटकत नाही, कारण त्याने पहिलाच टप्पा अनुभवलेला असतो. जो खरोखर तिथे राहिलाय त्याला मात्र नेमकं गाळलेलं दिसतं. तो लिहितो, ‘खोटं वाटलं.’ तुमची जातकुळी यातली कोणती, हे तुम्हाला ठाऊक असेल तर दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे आपोआप ठरतं.

‘प्रेडिक्टेबल आहे’ हे खरं, मग?

शेवटी दोघं एकत्र येणार, हे तिकीट काढतानाच माहीत असतं. तरी ‘पुढचं सगळं आधीच कळतं’ ही तक्रार येतेच. मला वाटतं, ती करणाऱ्याला शेवटाबद्दल काही म्हणायचं नसतं. त्याला वाटेबद्दल बोलायचं असतं.

कीर्तनाला गेलेल्या माणसाला आख्यान पाठ असतं. तो ऐकायला जातो, बुवा ते कसं रंगवतात ते. रोमकॉमचंही तसंच. दोघं एकत्र येणार हे ठरलेलं, पण त्याने ‘मला इथे राहायचंय’ हे कसं सांगितलं, ते तरी न ओळखता यावं. खणखणीत बोलणारा तो माणूस शेवटी तिच्याशी पहिल्यांदा हळू आवाजात बोलतो, इतका हळू की तिला जवळ यावं लागतं. शेवट ओळखीचा, पण तिथे पोहोचायची पायरी आपण ओळखलेली नव्हती. हे जमलं तर तोच प्रेक्षक लिहितो, ‘माहीत होतं तरी डोळे भरून आले.’ नाही जमलं, तर ‘प्रेडिक्टेबल’.

शेवटाला एवढं वजन असण्याचं एक कारण मानसशास्त्रात सापडतं. डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात दाखवलं की एखादा अनुभव कसा होता हे आठवताना माणूस त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यांवरच मुख्यतः विसंबतो. मधला वेळ फारसा हिशोबात येत नाही. बाहेर पडताच तारे देणारा प्रेक्षक शेवटाची पाच मिनिटं मनात घेऊनच बाहेर आलेला असतो.

‘केमिस्ट्री नाही’ म्हणजे काय नाही?

हा शब्द सगळे वापरतात आणि कुणी उलगडून सांगत नाही. नटनट्या दिसायला चांगल्या असल्या की केमिस्ट्री होते असं नाही. पडद्यावर ती बहुतेक ऐकण्यातून दिसते. एक बोलत असताना दुसऱ्याच्या चेहऱ्यावर काय हलतं? बोलणं तोडावंसं वाटूनही तो थांबतो का? तिने तिसऱ्या प्रसंगात सहज म्हटलेली गोष्ट त्याला सातव्या प्रसंगात आठवते का?

परक्या जगातल्या पाहुण्याच्या गोष्टीत याला जास्तच महत्त्व येतं, कारण दोघांची भाषा, सवयी, वेळा सगळं वेगळं असतं. एकाच्या शिकवण्याने आणि दुसऱ्याच्या चुकण्यानेच जवळीक होत असेल, तर ते शिक्षिका आणि विद्यार्थी वाटतात. टाळी एका हाताने वाजत नाही. तिनेही त्याच्याकडून काही घेतलं पाहिजे. ‘केमिस्ट्री नाही’ असं लिहिणाऱ्या अनेकांना हेच खटकलेलं असतं, फक्त त्यासाठी हाताशी शब्द तो एकच असतो.

कुठे बघितला आणि कुणाबरोबर

हसण्याचे अभ्यासक रॉबर्ट प्रोवाइन यांना दैनंदिन नोंदींवरून असं आढळलं होतं की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या ३० पट चारचौघांत हसतो. विनोदी सिनेमासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. भरल्या थिएटरात लिफ्टचा प्रसंग आला की मागच्या रांगेतून हसू येतं, ते पुढे सरकतं आणि आपणही त्यात सामील होतो. तोच प्रसंग रात्री एकट्याने, कानात इअरफोन घालून, सहा इंची पडद्यावर बघितला तर ओठांचा कोपरा जेमतेम हलतो.

मी स्वतः एक असा सिनेमा दोनदा बघितलाय, एकदा बहिणीबरोबर गच्च भरलेल्या थिएटरात आणि वर्षभराने एकटीने लॅपटॉपवर. पहिल्यांदा मी त्याला साडेचार तारे दिले असते. दुसऱ्यांदा तीनही जड गेले असते. दुसऱ्यांदा मला एक गोष्ट मात्र जास्त स्पष्ट दिसली: ज्या विनोदांवर मी बहिणीचा हात धरून हसले होते, त्यातले काही चक्क क्रूर होते. गर्दीत ते मला जाणवले नव्हते. हे कळल्यापासून मी मत वाचताना आधी बघते, माणसाने सिनेमा कुठे बघितलाय.

मूडचाही हात असतो. झिलमन यांचाच १९८८ चा एक सिद्धांत सांगतो की माणसं मन ताळ्यावर आणण्यासाठी करमणूक निवडतात, दमलेली माणसं हलकं काहीतरी शोधतात. ‘डोकं बाजूला ठेवून बघा’ असं लिहिणारा प्रेक्षक सिनेमाची शिफारस करत असतोच, शिवाय आपला दिवस कसा गेला तेही सांगत असतो.

‘हलकाफुलकाच तर आहे, एवढा विचार कशाला?’

हा आक्षेप मला अनेकदा ऐकावा लागतो आणि तो मला पटत नाही. हलकं असणं हे करायला सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे. ऑस्करची पाचही मुख्य पारितोषिकं, म्हणजे चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा, एकाच सिनेमाने पहिल्यांदा मिळवली ती ‘इट हॅपन्ड वन नाइट’ने. १९३४ सालचा हा सिनेमा रोमँटिक कॉमेडी आहे, आणि गोष्ट आहे वडिलांच्या तावडीतून पळालेल्या एका लाडावलेल्या श्रीमंत मुलीची, जी सामान्य प्रवाशांबरोबर बसमधून निघते. म्हणजे पाण्याबाहेरचा मासाच.

शिवाय या सिनेमांतून आपण नवख्या माणसाकडे कसं बघायचं, हे नकळत शिकत असतो. दीपगृहवाल्यावर हसायची सवय लागली, तर ऑफिसात नव्याने आलेल्या, उच्चार वेगळे असलेल्या, कॉफीचं यंत्र कसं चालवायचं ते न कळणाऱ्या माणसावरही आपण तसेच हसतो. एखाद्या प्रेक्षकाने याबद्दल तळमळीने दोन परिच्छेद लिहिले असतील, तर त्याला ‘एन्जॉय कर ना’ म्हणून गप्प करणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याचबरोबर दुसरी बाजूही तितकीच खरी. दिवसभराच्या कामाने पिचलेल्या माणसाने दोन तास हसून घेतलं आणि पाच तारे दिले, तर त्याला उथळ म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. त्याला जे हवं होतं ते मिळालं.

‘मग आकडे बघूच नयेत का?’

बघावेत. टक्का आणि सरासरी यांच्यात मोठं अंतर दिसलं तर एक गोष्ट लगेच कळते: टक्का भरघोस आणि सरासरी मध्यम असेल, तर सिनेमा बहुतेकांना निभावून नेईल, पण आयुष्यभर लक्षात राहील याची खात्री नाही. उलट टक्का मध्यम आणि सरासरी चांगली असेल, तर लोक दोन गटांत फुटलेत, आणि मग मतं वाचायलाच हवीत. मोजकीच मतं आली असतील तर आकड्यावर अजून भरवसा ठेवू नये. एकच डाव खेळून त्यात शंभर धावांवर बाद झालेल्या फलंदाजाची सरासरी शंभर असते, म्हणून कुणी त्याला लगेच महान म्हणत नाही.

सिनेमा पडद्यावर येण्याआधीच गुणांची रांग लागली असेल, तर ती मतं सिनेमावरची नसतात, कुणाच्या तरी रागाची किंवा भक्तीची असतात. रॉटन टोमॅटोजने २०१९ साली प्रदर्शनापूर्वीच्या प्रेक्षक-प्रतिक्रिया बंद केल्या आणि तिकीट काढल्याची खातरजमा झालेल्या प्रेक्षकांचे गुण वेगळे दाखवायला सुरुवात केली.

आणि मतं वाचताना मी तीन ताऱ्यांची आधी वाचते. पाचवाला भारावलेला असतो, एकवाला तापलेला. तीनवाल्याला काहीतरी आवडलेलं असतं, काहीतरी खटकलेलं असतं आणि दोन्ही सांगायचं असल्याने तो प्रसंगांची नावं घेतो. दीपगृहाचा तो सिनेमा खरोखर निघाला, तर मी शोधीन ते मत साधारण असं असेल: ‘लिफ्टच्या प्रसंगाला थिएटर हसलं, मला हसू आलं नाही. पण वीज गेल्यावर त्याने ज्या आवाजात सगळ्यांना जिना दाखवला, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी माझा हात धरला.’ याला त्याने किती तारे दिलेत, ते मग मी बघणारही नाही. मी तिकीट काढीन.